राहत असल्याचा पुरावा

तो पहिल्यांदा आला सोमवारी, ब्यूटच्या आमच्या ऑफिसात,
टोकन एकाहत्तर,
टोपी हातात, चर्चमध्ये धरतात तशी.
नाव व्हर्जिल टोस्ट्रुड, वय एक्क्याऐंशी,
लायसन्स नॉर्थ डकोटाचं.
आता मुलीकडे राहायला आलोय, म्हणाला,
कायमचा.
आणि 'कायमचा' म्हणताना
साखळीला बांधलेल्या पेनाकडे बघत राहिला.

मी यादी पुढे सरकवली.
दिवसातून साठदा सरकवते,
तिचे कोपरे माझ्याच बोटांनी मऊ पडलेत.
राहत्या पत्त्याचे दोन पुरावे:
विजेचं बिल, पाण्याचं बिल, भाडेकरार, बँकेचं पत्रक.
वीज मुलीच्या नावावर. पाणी जावयाच्या.
घर बँकेच्या, असं तो म्हणाला, आणि मी हसले नाही,
मागे बावीस माणसं होती.
"त्या घरात माझ्या नावावर एक खुर्ची आहे फक्त.
येताना ट्रकमध्ये घालून आणली."
खुर्ची यादीत नाही.

गुरुवारी पुन्हा. या वेळी जनावरांच्या डॉक्टरचं बिल,
कुत्रीचे दोन दात काढल्याचं.
पत्ता बरोबर, तारीख बरोबर,
नावाच्या रकान्यात मात्र बिर्गिट.
म्हणजे कुत्री.
नियमाला धरून त्या दिवशी मी
फार तर बिर्गिटला मोंटानाची रहिवासी मानू शकले असते.

मग दोन आठवडे फिरकला नाही.
वाटलं, मुलीनं किल्ल्या लपवल्या असतील.
लपवतात.
या खुर्चीत अठरा वर्षं बसून मला कळतं
कोणती मुलगी बापाला कागद शोधून देते
आणि कोणती कागद सापडू नये म्हणून
कपाट आवरायला काढते.

आला तो कोट घालून.
प्लास्टिकच्या पिशवीतून एकच कागद काढला,
चार घड्या, हातानं सपाट केल्या.
डोंगराखालच्या दफनभूमीतली जागा,
ओळ अकरा, भूखंड चाळीस,
पूर्ण पैसे भरल्याची पावती, शिक्क्यासकट.
नाव त्याचं. स्पेलिंगसुद्धा बिनचूक.
मी वाचला. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.
आणि सवयीनं तोंडून निघून गेलं,
खरंच सवयीनं, मी तशी नाही,
"सर, राहत असल्याचा पुरावा लागतो.
राहणार असल्याचा नाही."

शेजारचा प्रिंटर नेमका तेव्हाच थांबला.

मग तो हसला, असा हसला
की रांगेतलं एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं.
हसता हसता खोकला, काउंटर धरून उभा राहिला,
डोळे टोपीनं पुसले.
"बाई," म्हणाला, "हे मी मेरिऑनला सांगणार."
मेरिऑन कोण, हे त्या पावतीवर होतं.
भूखंड एकेचाळीस. तिकडून हलवून आणलेली,
आमच्यापेक्षा कमी कागदांत.

मी खिडकीतून पुढे झुकून हळूच सांगितलं:
बँकेत वीस डॉलर टाका, खातं उघडा, पत्रक येईल.
फोनचं बिल स्वतःच्या नावावर करून घ्या.
हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नाही.

चौथ्या वेळी सगळं होतं.
नजर ठीक, शेवटची ओळ सोडून.
"उंची?" एक इंच जुनी सांगितली.
"केसांचा रंग?"
"तपकिरी," तो म्हणाला.
मी वर पाहिलं. जे काही होते ते बर्फासारखे.
तपकिरी, मी टाइप केलं.

जुन्या लायसन्सला भोक पाडावं लागतं, तो नियम.
खटका दाबला. भोक बरोबर खांद्यावर पडलं,
फोटोतल्या चेक्सच्या शर्टाच्या.
"तो तुकडा मिळेल का?" त्यानं विचारलं.
असं आजवर कोणी मागितलं नव्हतं.
मी यंत्राखालचा ट्रे ओढला.
शेकडो होते, मसुराएवढे, गोल,
टेक्सास, ओहायो, आयडाहो,
कुणाचा कान, कुणाच्या जन्मसालातला नऊ.
टोकन नव्वद मोठ्यानं सुस्कारले.
नखानं उकरत उकरत एक निळसर सापडला.
"हा असावा."
आयडाहोचाही असेल.

त्यानं विचारलं नाही.
पाकिटात, नाण्यांच्या कप्प्यात टाकला
आणि चेन लागली का ते
दोनदा ओढून पाहिलं.